पहिल्या तासावरून ठरवायचं का?

२५ सप्टेंबर २०२४, बुधवार. त्या दिवशी पावसानं पुणं झोडपून काढलं होतं, आणि नेमका त्याच दिवशी 'मेटाफर: रिफँटाझिओ' या व्हिडिओ गेमचा डेमो, म्हणजे खेळ येण्याआधी फुकट खेळायला दिलेला भाग, आला. बाहेर पडायची सोय नव्हती, त्यामुळे रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर जमलो तेव्हा अण्णा सोडून सगळ्यांनी तो थोडाफार खेळलेला होता. अण्णांनीही भाच्याच्या खांद्यावरून अर्धा तास पाहिला होता. चहा यायच्या आधीच बारक्यानं तोंड उघडलं.

"झोप आली मला. शप्पथ. पहिला तासभर नुसती बडबड. चार पावलं चालायचं, की लगेच कोणीतरी बोलायला लागतं. मी कंट्रोलर हातात घेऊन बसलोय, मालिका बघायला नाही बसलेलो."

बारक्या आमच्यात सगळ्यात लहान, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या मनात डेमोचं माप म्हणजे 'फायनल फँटसी १६'चा डेमो. २०२३ च्या जूनमध्ये, खेळ बाजारात यायच्या दहा दिवस आधी तो आला होता. दोनेक तासांचा. त्यात फिनिक्स आणि इफ्रीट या दोन अग्निरूपांची झुंज लागते आणि डोळ्यांदेखत एक राज्य कोसळतं. बारक्यानं तो डेमो तीनदा खेळला, मग पैसे साठवून खेळ घेतला.

"दोन तासांत काळजाचा ठोका चुकवला त्यानं," बारक्या म्हणाला. "हा पाच तासांचा आहे म्हणे. पाच तास देऊन मला काय मिळालं? एक खाण आणि एक किल्ला."

"तू पूर्ण तरी केलास का?" मीनलनं विचारलं.

"तीन तासांवर सोडला."

"मी एका तासावर सोडला आणि उडवूनही टाकला," वकील म्हणाला. वकील बँकेत आहे. शाळेपासून कुठल्याही गोष्टीवर दोन्ही बाजूंनी भांडतो, म्हणून हे नाव पडलं. "शितावरून भाताची परीक्षा होते. अख्खं पातेलं संपवायची गरज नाही."

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "शितावरून भात शिजलाय की नाही तेवढं कळतं रे. आमटी कशी झालीय ते नाही कळत."

अण्णांचं एके काळी सायबर कॅफे होतं. ते मग त्या दिवसांत शिरले. 'डिजिट'सारख्या मासिकासोबत सीडी यायची, तिच्यात खेळांचे डेमो असायचे. इंटरनेटवरून एवढं मोठं काही उतरवणं परवडायचं नाही, त्यामुळे महिनाभर तीच सीडी चालायची. "एकच पातळी असायची. संपली की पडद्यावर पाटी, खेळ विकत घ्या. घ्यायचा कुठून? दुकानात यायचाच नाही. मग पोरं तीच पातळी वीस-वीस वेळा खेळायची. कुठल्या भिंतीमागे काय दडलंय ते पाठ. अरे, काही काही खेळ आम्हाला माहीत आहेत ते फक्त तेवढेच. त्यांचा शेवट काय होता, आजपर्यंत ठाऊक नाही."

हे ऐकून बारक्या गप्प झाला. शेवट माहीत नसलेल्या खेळांची ही गोष्ट त्यानं कधी ऐकलेली नव्हती.

मी मात्र मनाशी ठरवूनच आलो होतो की आज बोलायचं. मला हा डेमो फार आवडलाय, आणि तो का आवडला ते नीट सांगावं असं तीन दिवस वाटत होतं.

एक तर हा नुसता नमुना नाही. खेळाची खरीखुरी सुरुवातच त्यांनी उचलून फुकट दिलीय. डेमोत जिथे थांबलात, तिथून ११ ऑक्टोबरला पुढे चालू. एकही तास वाया नाही. बारक्याला वाटतं पाच तास 'द्यावे' लागले. मला वाटतं आपल्याला पाच तास मिळाले. ज्या दिग्दर्शकानं, कात्सुरा हाशिनोनं, 'पर्सोना' या खेळमालिकेचे तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन भाग केले, त्यानं २०१६ च्या अखेरीस नवा स्टुडिओ काढून हे काम हाती घेतल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हापासून जवळजवळ आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांच्या कामाची ओळख करून देताना त्यानं सगळ्यात भपकेबाज दोन तास कापून दिले नाहीत, सावकाश सुरू होणारा पहिला अध्यायच दिला. खेळणारा थांबेल, ऐकेल, हा विश्वास त्यामागे आहे.

"विश्वास वगैरे ठीक," वकील म्हणाला, "पण कंटाळा आला तर तो माझा दोष का?"

"दोष नाही. पण तू सोडलास तिथपर्यंत लढाईची खरी रीत सुरूच झालेली नसते."

इथे मला थोडं खोलात शिरावं लागलं, कारण वकिलानं ती रीत पाहिलीच नव्हती आणि बारक्यानं पाहून न पाहिल्यासारखी केली होती. खेळात दोन तऱ्हेच्या लढाया आहेत. समोरचा कमकुवत असेल तर चालता चालता तलवार चालवून जागच्या जागी संपवायचा, वेगळा पडदा नाही, वाट बघणं नाही. तोडीस तोड असेल तर आधी वार करून त्याला गांगरवायचं आणि मग पाळीपाळीची लढाई सुरू करायची. तो भेलकांडलेला असतानाच आपले वार सुरू होतात. उलट त्यानं आपल्याला आधी गाठलं तर हाल. म्हणजे पाळीची लढाई सुरू व्हायच्या आधीच तिचं निम्मं पारडं आपण झुकवलेलं असतं.

आणि पाळ्यांचा हिशोब! ही रीत हा खेळ करणाऱ्या अ‍ॅटलस कंपनीनं पूर्वी 'शिन मेगामी तेन्सेई'च्या तिसऱ्या भागात आणली होती. शत्रूच्या वर्मावर घाव बसला तर पाळी अर्धीच खर्च होते, उरलेली अर्धी पुन्हा वापरायला मिळते. घाव हुकला तर एकाच्या जागी दोन पाळ्या जातात. शत्रूलाही तोच नियम. खाणीत माझा एक वार हुकला, दोन पाळ्या गेल्या, समोरच्यानं संधी साधली आणि सगळे आडवे. दुसऱ्यांदा मी मंत्र टाकणाऱ्याला मागच्या रांगेत नेलं, आधी वर्म शोधलं, आणि तीच लढाई दोन फेऱ्यांत संपली. शत्रू तेच, माझी ताकद तीच. बदललं फक्त माझं डोकं. बटणं बडवून ही मजा येत नाही.

"लढाई मध्येच पहिल्यापासून सुरू करता येते, हे मला पटलं नाही," बारक्या म्हणाला. "हरायला लागलो की परत सुरू. मग धाक कसला?"

"धाक चुकायचा नको, न शिकायचा हवा," मीनल म्हणाली. यावर बारक्या आणि ती बराच वेळ झगडले. मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं. पण दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला एका चुकीपायी अर्धा तास परत चालायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

मीनल पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिचं लक्ष वेगळीकडेच होतं. या खेळातल्या राक्षसांना 'मानव' म्हणतात. शिंगवाले, लांब कानांचे, पंखांचे लोक म्हणजे माणसं, आणि किल्ल्यावर चाल करून येणारं अजस्र भयानक धूड म्हणजे 'मानव'. "ते पहिलं धूड बघितलंत? ते अंड्यासारखं धड आणि खाली माणसाचे पाय? मी उडालेच. ते हिएरोनिमस बॉशचं आहे. पाचशे वर्षांपूर्वीचा नेदरलँड्सचा चित्रकार. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचं तीन फळ्यांचं मोठं चित्र आहे, त्याच्या नरकाच्या फळीत पोकळ अंड्यासारख्या धडाचा माणूस आहे. इतकी वर्षं मी ते पुस्तकात बघतेय. आणि हे लोक त्याला चालायला लावतात!"

"म्हणजे चोरी," वकील.

"चोरी कशी? त्यांनी ते उघड सांगितलंय. आणि बॉशनं माणसाच्या पापांची चित्रं काढली होती. इथे त्याच आकृत्यांना 'मानव' नाव दिलंय. हे नुसतं उचललेलं नाही, वाचून उचललंय." ती इतक्या पोटतिडकीनं बोलत होती की शेजारच्या बाकावरची दोन पोरंही ऐकायला लागली.

संगीतावर कोणी भांडलं नाही. शोजी मेगुरोनं लढाईला जे दिलंय ते ऐकताना अण्णांना वाटलं होतं की भाच्यानं अथर्वशीर्षाची आवर्तनं लावलीयत. गणपती नुकतेच होऊन गेलेले, कानात तेच होतं. प्रत्यक्षात तो एका जपानी बौद्ध भिक्षूचा आवाज आहे आणि शब्द एस्परांतोचे आहेत, म्हणजे १८८७ साली झामेनहोफनं सगळ्या जगाला एक भाषा असावी म्हणून मांडलेल्या भाषेचे. एका दमात, एका लयीत, जराही न थांबता तो म्हणत जातो. कळत एक अक्षर नाही, पण पाठ ताठ होते. मला त्यातलं आणखी एक फार गोड वाटलं. सुरुवातीला गॅलिका नावाची छोटी परी नायकावर एक मंत्र टाकते आणि त्यानंतर त्याला संगीत ऐकू यायला लागतं. म्हणजे आपण जे ऐकतो ते तोही ऐकतोय.

"हे सगळं त्या पहिल्या तासातलंच आहे ना?" अण्णांनी वकिलाकडे बघत विचारलं. वकील काही बोलला नाही.

मी २०१७ ची गोष्ट काढली, कारण पहिल्या अनुभवाचा विषय निघाला की मला ती आठवतेच. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'चा पहिला डेमो त्या सप्टेंबरमध्ये आला. ऑल्बेरिक हा योद्धा आणि प्रिमरोज ही नर्तकी, अशी दोनच पात्रं त्यात होती. कंपनीनं खेळणाऱ्यांना प्रश्नावली पाठवली, सुमारे ४५ हजार जणांनी ती भरून दिली. त्यातून त्यांनी लांबच्या गावी झटकन पोचायची सोय केली, प्रसंग न बघता पुढे जाता येईल असं केलं, आणि पुढच्या जूनमध्ये नवा डेमो काढून लोकांच्या हातात दिला. पहिल्या तासाला वैतागलेल्यांचं त्यांनी ऐकलं. म्हणून बारक्याची तक्रार मला वायफळ वाटत नाही. ती करायलाच हवी. फक्त 'मेटाफर'चा डेमो खेळाच्या दोन आठवडे आधी आलाय, आता त्यात फार काही बदलणार नाही. हा डेमो आपलं मत मागायला आलेला नाही.

"मग मी कशाला बोलतोय?" बारक्या हसला.

विशाल एवढा वेळ क्रीमरोलचा कागद दुमडत बसला होता. त्यानं डेमो लॅपटॉपवर खेळला होता. लॅपटॉप सहा वर्षांचा, ग्राफिक्स कार्ड त्याहून थकलेलं, राजधानीच्या गर्दीत चित्र अडखळत होतं. "एक बरं झालं," तो म्हणाला. "पैसे घालायच्या आधी कळलं की हे मशीन झेपणार नाही." आम्हाला वाटलं त्याचं बोलणं संपलं. मग तो म्हणाला, "पण मी चारही रात्री तेच खेळलो. त्या पुस्तकासाठी."

खेळातल्या नायकाजवळ एक पुस्तक असतं. त्यात एका दूरच्या जगाचं वर्णन आहे. तिथे जमातीजमातींत भेद नाही, कायद्यापुढे सगळे सारखे, आणि आकाशाला भिडणाऱ्या इमारती. नायक आणि गॅलिका ते वाचतात आणि असं जग कुठे असेल का, याची स्वप्नं बघतात. खेळणाऱ्याला हळूहळू उमगतं की ते आपलंच जग आहे. त्यांची कल्पितकथा म्हणजे आपलं रोजचं जगणं.

"हाच तर भोंदूपणा आहे," वकील उसळला. आता तो खरा वकील झाला होता. "आपलं जग? सगळे सारखे? निवडणुका तोंडावर आल्यात, चौकात कुठल्या समाजाचे किती फलक लागलेत ते बघ. त्या खेळातही पुढचा राजा लोकांच्या पाठिंब्यावर ठरणार, ते ट्रेलरमध्येच दाखवलंय. आणि आदर्श म्हणून कोण, तर आपण? ज्यानं हे लिहिलं त्यानं वर्तमानपत्र उघडलेलं नाही."

"त्यानं उघडलंय," विशाल शांतपणे म्हणाला. "ऐक. नायक एल्डा जमातीचा. दिसायला अगदी आपल्यासारखा, शिंगं नाहीत, पंख नाहीत. पण शहरात पाऊल टाकल्यापासून लोक त्याच्याकडे कसं बघतात, काय बोलतात ते तू पाहिलंस. त्यानं काही केलेलं नाही. तो नुसता आलाय." तो जरा थांबला. "गेल्या वर्षी मी खोली बघायला गेलो होतो. भाडं ठरलं, अनामत ठरली, चावी घ्यायला हात पुढे केला आणि मालकानं आडनाव विचारलं. सांगितलं. म्हणाले, उद्या फोन करतो. फोन आला नाही. त्या पोराला लोक बोलत होते ना, तेव्हा माझा कंट्रोलर खाली ठेवला गेला."

कोणी काही बोललं नाही. ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. रोज भेटतो आम्ही, आणि ठाऊक नव्हती.

"मग तर तुला त्या पुस्तकाचा राग यायला हवा," वकील म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"आला ना. पहिल्या रात्री आला. वाटलं, कोणाला शिकवताय? आम्ही राहतो त्या जगात. दुसऱ्या रात्री वाटलं, ते पुस्तक त्या पोराला जे वचन देतंय, तेच मला शाळेत दिलं होतं. पहिल्या पानावर छापलेलं असायचं. प्रास्ताविका. समानता, बंधुता. ते खोटं नव्हतं रे. ते झालेलं नाही, एवढंच. त्या पोराकडे पुस्तक आहे आणि माझ्याकडेही आहे."

मला इथे एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण ती विशालच्या बाजूची होती. ते पुस्तक ज्यानं लिहिलं त्या पात्राचं नाव खेळात मोअर आहे. आणि सुरुवातीलाच ज्याची हत्या होते त्या राजाचं नाव हिथलोडेअस. थॉमस मोअर या इंग्रज विद्वानानं १५१६ साली 'युटोपिया' लिहिलं, त्यात आदर्श बेटाची हकिगत सांगणाऱ्या प्रवाशाचं हेच नाव आहे. ग्रीकमधून त्याचा अर्थ साधारण 'भाकड गोष्टी सांगणारा' असा होतो. 'युटोपिया' या शब्दाचाच अर्थ 'कुठेही नसलेली जागा'. म्हणजे खेळ करणाऱ्यांना पक्कं माहीत आहे की पुस्तकातलं जग जसंच्या तसं कुठेच नाही. ते आपल्याला शाबासकी देत नाहीत. कल्पितकथेत काही ताकद असते का, असं खेळ अगदी सुरुवातीलाच खेळणाऱ्याला विचारतो, आणि उत्तर देण्याआधी आपल्याला त्या शहरातून त्या पोराच्या पायांनी चालवतो.

"हे तू मघाशी का नाही सांगितलंस?" वकील म्हणाला.

"तू एका तासावर सोडलास."

"मोअर भेटतो कुठे?"

"किल्ल्यावरच्या लढाईनंतर. नायक छातीतून स्वतःचं हृदय उपटून काढतो, ते तोंडापाशी धरून बोलतो आणि त्याच्यातली ताकद जागी होते. ते झाल्यावर."

"हृदय उपटतो?" अण्णा सरसावून बसले. "भाच्यानं मला ते दाखवलंच नाही."

बारक्या म्हणाला की तो प्रसंग जबरदस्त आहे, हे त्यालाही मान्य आहे. पण पहिला तास लांबलाय यावर तो शेवटपर्यंत ठाम राहिला, आणि इथे मी त्याच्याशी भांडलो नाही. राजधानीत शिरल्यावर भरतीच्या कचेरीपर्यंत जायला फार वेळ लागतो. मध्ये मध्ये संवाद तोडून पाच मिनिटं मोकळं सोडलं असतं तर वकिलासारखे कितीतरी जण टिकले असते. जमातींची नावं, चर्चचं नाव, सरदारांची नावं, सगळं एकदम अंगावर येतं. संवाद चालू असताना नावावर थांबून माहिती वाचायची सोय आहे म्हणून निभावतं. इंग्रजी भराभर न वाचणाऱ्याला मात्र हे जड जाणार. आपल्याकडच्या एकाही भाषेत हा खेळ नाही, आणि एवढ्या बोलक्या खेळात ती उणीव फार टोचते. विशाल म्हणाला की काही संवाद त्यानं तीन-तीनदा उघडून वाचले. चार रात्री लागल्या त्या म्हणूनही.

साडेनऊ झाले. टपरीवाल्या काकांनी स्टोव्ह बंद केला, तरी कोणी उठेना.

"अकराला शुक्रवार आहे," बारक्या विशालला म्हणाला. "बाराला दसरा. मी घेतोय खेळ."

"तुला तर झोप आली होती," मीनल म्हणाली.

"आली होती. तरी घेतोय. विशाल, तू माझ्याकडे ये. प्लेस्टेशनवर अडखळणार नाही. फक्त तुझा लॅपटॉपवरचा सेव्ह माझ्याकडे चालणार नाही, चार रात्रींचं गेलं समज. माझा तीन तासांचा आहे, तिथून खेळू."

विशालनं कागदाची घडी खिशात घातली. "नको. पहिल्यापासून लाव. तो शहरात येतो तिथून. तू शेजारी बसून बघ."

"तो अख्खा तास?"

"अख्खा."

बारक्यानं मान डोलावली. वकिलानं कोणाला न विचारता सांगितलं की दसऱ्याला बँकेला सुट्टी आहे, तोही येईल.